आयएनजी काढून टाकायला लावणारी फुकट पीडीएफ: एएसडी-एसटीई१०० आठ महिने वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू मोबाईलचा नाही की नवीन मिसळवाल्याचा नाही, एका पीडीएफचा आहे, टेक्निकल इंग्रजी सोपं कसं लिहायचं याच्या नियमांच्या. आणि टायटलमधलं आयएनजी म्हणजे 'होल्डिंग', 'बीइंग' अशा इंग्रजी क्रियापदांच्या शेवटी येणारं ते -ing. ज्यांना कामासाठी इंग्रजीत लिहावं लागतं, म्हणजे मॅन्युअल, एसओपी, सर्व्हिस रिपोर्ट, नाहीतर साधे लांबलचक मेल, त्यांनी वाचा, बाकीच्यांनी चहा घ्या. आणि हो, टायटलमध्येच 'काढून टाकायला लावणारी', 'वापरून झाल्यावर' अशी मराठी रूपं आलीत ते माझ्या लक्षात आहे, आयएनजी काढताना हीच रूपं कशी कामी येतात त्यावरच बोलायचंय.

मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे, हायड्रॉलिक पंप आणि पॉवर पॅकची मेन्टेनन्स मॅन्युअल लिहिते. कंपनीचं नाव राहू दे. गेल्या वर्षी बाहेरच्या एका गिऱ्हाइकाचा मेल आला की यापुढे सगळी मॅन्युअल एसटीईमध्ये पाहिजेत. साहेबांनी तो मेल मला फॉरवर्ड केला आणि वर एकच ओळ, 'प्लीज डू द नीडफुल'. नीडफुल म्हणजे काय ते शोधायला मी बसले तर कळलं की एसटीई म्हणजे सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश, आणि त्याचं जे मूळ बाड आहे त्याचं नाव एएसडी-एसटीई१००. एसटीईच्या वेबसाइटवरून रीतसर मागितलं की अधिकृत कॉपी मिळते, पैसे शून्य. मला खरं वाटेना. आमच्याकडे साधा एखादा स्टँडर्ड घ्यायचा म्हटलं तर पर्चेसच्या तीन सह्या लागतात, आणि हे फुकट.

हे मूळ विमानवाल्यांचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी युरोपातल्या एअरलाइन्स वैतागल्या होत्या की मेन्टेनन्सची कागदपत्रं वाचून मेकॅनिकला नीट कळत नाही, कारण कागद इंग्रजीत आणि मेकॅनिक जगभरचे, घरी वेगळीच भाषा बोलणारे. त्यातून १९८६ साली पहिली गाइड निघाली, २००५ ला तिचं एसटीई१०० झालं, आणि आत्ता चालू आहे ती नववी आवृत्ती, जानेवारी २०२५ ची. दोन भाग आहेत. पहिल्यात लिहायचे नियम, दुसऱ्यात डिक्शनरी, आणि बाडाचा मोठा हिस्सा ती डिक्शनरीच आहे.

डिक्शनरीबद्दल थोडं सांगते कारण ती वाचायला मजा येते, खरंच. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, असा तिचा हट्ट. 'फॉलो' म्हणजे मागून येणं, बस. सूचना 'फॉलो' करायच्या नाहीत, 'ओबे' करायच्या. 'फॉल' म्हणजे वरून खाली पडणं, प्रेशर फॉल होत नाही, ते 'डिक्रीज' होतं. 'क्लोज' म्हणजे बंद करणं, जवळ या अर्थी चालत नाही. 'टेस्ट' हे नाम आहे, क्रियापद नाही, त्यामुळे 'टेस्ट द पंप' नाही, 'डू अ टेस्ट'. 'ऑइल'चं पण तेच, व्हॉल्व्हला ऑइल लावायचं, व्हॉल्व्ह 'ऑइल' करायचा नाही. पहिल्या दिवशी मला हे सगळं शाळेतल्या कडक बाईंसारखं वाटलं, दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. बाकी नियम म्हणजे सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५, एका परिच्छेदात सहाच्या वर वाक्यं नकोत, नामांची मालगाडी तीन डब्यांच्या पुढे नको. हे सगळं ठीक, कोणीही समजूतदार माणूस करेल.

खरी गोची आयएनजीची.

नियम असा की क्रियापदाचं आयएनजी रूप वापरायचं नाही. ते एखाद्या पार्टच्या नावात असेल तर चालेल, म्हणजे बेअरिंग, लँडिंग गिअर, आणि 'ड्युरिंग', 'मिसिंग', 'रिमेनिंग' असे मोजके शब्द डिक्शनरीने स्वतःच पास केलेत. बाकी सगळी आयएनजी घराबाहेर. आणि पास्ट पार्टिसिपल, म्हणजे 'रिमूव्ह्ड', 'वॉर्न' असलं रूप, वापरायचं तर फक्त विशेषण म्हणून, 'हॅज डन', 'हॅड डन' ही मंडळी अजिबात नाहीत. म्हणजे आपलं लाडकं 'हॅविंग रिमूव्ह्ड द कव्हर' हे दोन कलमांखाली गुन्हेगार.

मी म्हटलं यात काय, कंट्रोल एफ मारू, आयएनजी शोधू आणि बदलून टाकू. मारलं. पहिला हिट स्प्रिंग. दुसरा हिट ओ-रिंग. मग बेअरिंग, हाउसिंग, कपलिंग, फिटिंग, बुशिंग, परत स्प्रिंग, परत ओ-रिंग. हायड्रॉलिकवाल्याच्या नशिबात अर्धा स्टोअरच आयएनजीवर संपतो. ८४ पानांच्या मॅन्युअलमध्ये हजारच्या आसपास हिट आले आणि त्यातले काढण्यालायक किती ते एकेक बघितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. एका पेड चेकर सॉफ्टवेअरची ट्रायल पण घेतली, नाव घेत नाही, त्याने 'स्प्रिंग'ला लाल रेघ मारून मला सुचवलं की हे क्रियापद टाळा. ट्रायल त्याच दिवशी बंद.

बरं, आता ते वाक्य सांगते ज्याच्यामुळे मी हे प्रकरण मनावर घेतलं, नाहीतर मी पण गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून वरवर रंग मारून दिला असता.

आमच्या एका व्हॉल्व्ह ब्लॉकला बाजूला एक प्लेट असते आणि आत दाबून बसवलेली स्प्रिंग. मॅन्युअलमध्ये ओळ होती, मीच लिहिलेली, 'रिमूव्ह द साइड प्लेट होल्डिंग द स्प्रिंग'. मला म्हणायचं होतं की वरच्या खाचेतून बोटाने स्प्रिंग धरून ठेवा आणि तसंच प्लेट काढा. असेंब्लीत एक मामा आहेत, वीस वर्षं हेच काम करणारे, पण हे मॉडेल नवीन होतं म्हणून ते बिचारे पान उघडून वाचून करत होते. त्यांनी वाचलं की जी प्लेट स्प्रिंगला धरून बसलीये ती प्लेट काढा. काढली. स्प्रिंग सुटली ती सरळ टेस्ट बेंचखाली. कोणाला लागलं नाही हे नशीब, पण पाऊण तास चार माणसं टॉर्च घेऊन पालथी. मग मामा पान घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

'मॅडम, हे होल्डिंग म्हणजे मी धरायचं, का प्लेटने धरलंय?'

मी परत वाचलं आणि मला पण सांगता येईना. दोन्ही अर्थ निघतात, आणि इंग्रजीच्या हिशोबाने मामांचाच अर्थ आधी लागतो. म्हणजे चूक वाचणाऱ्याची नव्हती.

पण बघा ना, हेच मी मराठीत लिहिलं असतं तर? 'स्प्रिंग धरून प्लेट काढा' आणि 'स्प्रिंग धरून ठेवणारी प्लेट काढा'. गोंधळ होऊच शकत नाही. 'धरून' म्हटलं की धरणारे तुम्ही, 'धरणारी' म्हटलं की ती प्लेट. इंग्रजीने दोघांना एकच 'होल्डिंग' दिलं आणि वाचणाऱ्याला म्हटलं तुझं तू बघ.

तर एसटीईच्या बाडात जे नाहीये ते मला इथून मिळालं. बाड सांगतं आयएनजी काढ, चुकीचं आणि बरोबर असं शेजारी शेजारी लिहून उदाहरणंही देतं, चांगली आहेत, पण समोरच्या आयएनजीच्या पोटात नक्की काय आहे ते ओळखायचं कसं हे काही ते शिकवत नाही. ते गृहीत धरतं की तुम्हाला माहितीये. आपल्याकडे मात्र प्रत्येक अर्थाला वेगळी शेपटी आहे. करून, करताना, केल्यावर, केल्यामुळे, करूनसुद्धा, करणारा, केलेला. त्यामुळे मी आता असं करते की आयएनजीवालं वाक्य दिसलं की आधी मनात त्याचं मराठी करते, मराठी करताना शेपटी निवडावीच लागते, पळवाट नाही, आणि शेपटी निवडली की सोपं इंग्रजी आपोआप येतं. 'करून' असेल तर दोन वेगळी वाक्यं, एकामागे एक. 'करताना' असेल तर 'व्हाइल यू'. 'केल्यामुळे' असेल तर 'बिकॉज'. 'असेल तर' निघालं तर 'इफ', आणि अट आधी लिहायची. 'करणारा' असेल तर सरळ 'दॅट' लावून 'द प्लेट दॅट होल्ड्स द स्प्रिंग'. आमची ओळ आता अशी आहे, 'होल्ड द स्प्रिंग इन पोझिशन व्हाइल यू रिमूव्ह द साइड प्लेट'. एका वाक्यात एकच सूचना हा एसटीईचा नियम आहे पण दोन कामं एकाच वेळी करायची असतील तर सूट आहे, ती इथे लागू पडते.

एक अजून दाखवते, हे जास्त खतरनाक होतं. वॉर्निंगच्या पानावर एक जुनी ओळ, माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलेली, 'बीइंग अंडर प्रेशर, डू नॉट ओपन द रिटर्न लाइन'. रिटर्न लाइन म्हणजे तेल परत टाकीकडे नेणारी नळी. आता एक तर अंडर प्रेशर कोण, लाइन का वाचणारा? महिनाअखेरीला मी पण असते अंडर प्रेशर. तो विनोद सोडा, मराठी करायला गेले आणि अडकले. 'लाइनमध्ये प्रेशर असल्यामुळे उघडू नका' का 'लाइनमध्ये प्रेशर असताना उघडू नका'? पहिल्यात लाइन कायम प्रेशरखाली आहे, कधीच उघडायची नाही. दुसऱ्यात प्रेशर उतरवलं की उघडता येते. दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आणि इंग्रजी ओळ बघून मला ठरवता येईना. डिझाइनवाल्याला फोन केला, तो म्हणाला ऑफ कोर्स उघडायची, सहा महिन्यांनी साफ करायलाच लागते, फक्त आधी प्रेशर शून्यावर आणायचं. म्हणजे 'असताना'. मग ओळ झाली 'डू नॉट ओपन द रिटर्न लाइन व्हेन देअर इज प्रेशर इन इट', आणि तिच्या आधी गेज बघायची एक वेगळी स्टेप टाकली जी मूळ मॅन्युअलमध्ये नव्हतीच. म्हणजे 'बीइंग'च्या खाली एक अख्खी स्टेप गाडली गेली होती.

'कॉझिंग'चंही असंच. 'द सील वेअर्स आउट, कॉझिंग द पंप टु लूज प्रेशर' टाइप वाक्यं आमच्याकडे प्रत्येक ट्रबलशूटिंग टेबलात. ऐकायला छान, भारदस्त. सोपं केलं की 'इफ द सील इज वॉर्न, द पंप कॅन लूज प्रेशर'. भारदस्तपणा गेला पण फिटरला कळलं की आधी सील बघायचा.

मात्र मराठी म्हणजे देवमाणूस नाही हेही सांगायला पाहिजे. 'हॅविंग ड्रेन्ड द ऑइल, द फिल्टर शुड बी रिप्लेस्ड' याचं मराठी 'तेल काढून फिल्टर बदलावा', कानाला काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र याचा हिशोब असा लागतो की तेल फिल्टरने काढलं, कारण कॉमाच्या पुढे फिल्टर बसलाय. आपण मनात 'तेल काढून' म्हणतो आणि तोच साचा इंग्रजीत ओततो, म्हणून आपल्या मराठी माणसाच्या ऑफिस मेलमध्ये 'आफ्टर डिस्कसिंग विथ युवर टीम, द प्राइस वॉज रिड्यूस्ड' असली वाक्यं सापडतात, जिथे डिस्कशनला बहुतेक प्राइस स्वतःच गेली होती. मी पण लिहायचे. 'ड्रेन द ऑइल. रिप्लेस द फिल्टर.' संपलं. इतकं छोटं लिहिलं की सुरुवातीला लाज वाटते, वाटतं साहेब म्हणतील याचा पगार घेते का ही.

आणि ही लाज कुठून आली ते मला घरीच कळलं. मुलगी बारावीला आहे. संध्याकाळी ती डायनिंग टेबलावर डू अॅज डायरेक्टेड सोडवत असते, दोन साधी वाक्यं दिलेली आणि खाली लिहिलेलं, हॅविंग वापरून एक करा. सिम्पल करा, कॉम्प्लेक्स करा, कंपाउंड करा. मी समोर बसून दिवसभर जोडलेली तोडते आणि ती तोडलेली जोडते. एकदा म्हणाली, 'आई, तुला यासाठी पैसे देतात?' म्हटलं हो, आणि तुला मार्क देतात, दोघी गप्प बसू. पण तिच्या वहीत एक गंमत दिसली. 'हिअरिंग द नॉइज, ही वोक अप'चं कॉम्प्लेक्स करायला सांगितलं की ती 'व्हेन ही हर्ड' असं लिहिते, म्हणजे माझंच काम, तेही एका मिनिटात. उलटं जायला शाळेने शिकवलेलंच असतं आपल्याला, फक्त पुढे नोकरीत कोणी ते मागत नाही, नोकरीत जड लिहिलं की शहाणा समजतात.

आता न आवडलेलं. पहिलं म्हणजे हे बाड एकट्याने वाचून सुरू करणं जड आहे. नियम सोपे आहेत पण डिक्शनरीत कुठला शब्द कुठल्या अर्थी पास आहे हे सारखं उलटून बघावं लागतं, पहिले दोन महिने माझा स्पीड निम्म्यावर आला होता. मोठ्या अक्षरातला शब्द पास आणि छोट्या अक्षरातला नापास, ही पद्धत मला तिसऱ्या दिवशी कळली, तोपर्यंत मी नापास शब्द आनंदाने वापरत होते, चूक माझीच, सुरुवातीची पानं उडवली होती.

दुसरं, 'युझिंग'. टूलच्या बाबतीत 'युझिंग अ टॉर्क रेंच' काढून 'विथ अ टॉर्क रेंच' करायचं हे लगेच जमतं. पण मग हात चालू लागला की माणूस सगळीकडे 'विथ' ठोकतो, आणि मी एका ठिकाणी 'रिमूव्ह द प्लेट विथ द स्प्रिंग' लिहून बसले. वाचा बरं. स्प्रिंगने प्लेट काढू, का स्प्रिंगसकट काढू, का स्प्रिंग असलेली प्लेट काढू? एक आयएनजी काढून तीन अर्थ घातले. इथे पण 'ने' आणि 'सकट' मनात म्हणून बघितलं म्हणून सापडलं, नियमाच्या दृष्टीने वाक्यात काहीच चूक नव्हती.

तिसरं बाडाचं नाही, ट्रेनिंगचं. कंपनीने मला आणि ऑफिसमधल्या अजून एकीला दोन दिवसांच्या ऑनलाइन ट्रेनिंगला बसवलं, फी माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या वर. पहिला अख्खा दिवस इतिहास आणि स्लाइड्स, दुसऱ्या दिवशी आयएनजीवर वीस मिनिटं, आणि सांगितलं काय तर आयएनजी दिसलं की 'व्हेन' लावा. मी रिटर्न लाइनची ओळ चॅटमध्ये टाकली आणि विचारलं की इथे 'व्हेन' का 'बिकॉज', तर उत्तर आलं, 'गुड क्वेश्चन, वुई विल टेक इट ऑफलाइन'. ते ऑफलाइन अजून यायचंय. ज्यांना जमेल त्यांनी ट्रेनिंगचे पैसे वाचवा, पीडीएफ मागवा, आणि शॉप फ्लोअरवरचा एक माणूस शेजारी बसवून त्याला वाक्यं वाचायला द्या. मी आता दर शुक्रवारी जेवणानंतर मामांना दोन पानं देते. ते फक्त बोट ठेवतात, 'हे कोणी करायचं?' किंवा 'हे आधी का नंतर?' इतकं पुरतं. या दोन प्रश्नांना जे वाक्य उत्तर देत नाही त्यात बहुतेक वेळा एखादं आयएनजी नाहीतर हॅविंग बसलेलं असतंच.

चौथं, पानं वाढतात. ८४ ची ९१ झाली. वाक्यं तोडल्यावर तेच तेच शब्द परत लिहावे लागतात, 'द फिल्टर' पाच वेळा. वाचायला नीरस आहे, नाही म्हणत नाही. आणि हे इंग्रजी सगळीकडे वापरायचं नाही हे पण लक्षात ठेवा, मी एकदा सवयीने सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीची नोटीस याच पद्धतीने टाकली, 'डू नॉट ओपन द व्हॉल्व्ह. ओबे धिस इन्स्ट्रक्शन.' सेक्रेटरी काकांचा फोन आला की अगं काही राग आलाय का तुला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आयएनजी ओळखायचं न शिकवल्याबद्दल. मेल आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांना अख्खं बाड लागणार नाही, त्यांनी नुसता क्रियापदांचा भाग आणि वाक्यांच्या लांबीचा भाग वाचला तरी चालेल, डिक्शनरी सोडून द्या. मॅन्युअलवाल्यांनी मात्र डिक्शनरीसकट घ्या, आणि नववी आवृत्तीच मागवा, ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर कोणीतरी जुनी टाकून ठेवलेली असते ती उघडू नका.

आमचं मॅन्युअल गिऱ्हाइकाने मार्चमध्ये पास केलं. एकच शेरा आला, पान ३७, 'आफ्टर इन्स्टॉलिंग द पंप' राहून गेलंय. मी उघडून बघितलं तर खरंच राहिलं होतं, इतके वेळा बघितलेलं पान. मामांना दाखवलं तर म्हणाले, 'ते मला कळत होतं म्हणून मी काही बोललो नाही.'